साडेतीनशे रुपये आणि एक नारळ

रविवार, ३० नोव्हेंबर. संध्याकाळी.

आजपासून रोज लिहायचं. कंपनीत मी सगळ्यांना सांगत असतो, ज्याचं रेकॉर्ड नाही ते घडलंच नाही. मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. सणसवाडीतल्या आमच्या कंपनीत बाटल्यांची झाकणं बनतात आणि माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय एक खोकं बाहेर पडत नाही. मग घरातल्या एवढ्या मोठ्या प्रयोगाचं रेकॉर्ड नको?

प्रयोग असा. येत्या रविवारी आमची भिशी लागणार. चाळीस हजार. माझं म्हणणं, त्यात मोठ्या काळ्या मोटारसायकलचं डाऊन पेमेंट होतं. साडू सत्यजीतकडे आहे तीच. दौंडात स्टार्ट केली की वरवंडात कळतं. सारिकाचं म्हणणं, तिला डब्यांचा धंदा सुरू करायचाय. मोठी शेगडी, पातेली, जर्मनची मोठी परात. इथं खोल्या करून राहणारी एवढी माणसं आहेत, एका वेळच्या डब्याचे महिन्याला अठराशे सहज देतील म्हणाली.

मला हसू आलं. तरी शांतपणे समजावलं. एका माणसाला दोन्ही वेळचं जेवायला आठवड्याला साडेतीनशे रुपये पुष्कळ झाले, फक्त डोकं चालवायला पाहिजे. मग डब्याला अठराशे कोण येडा देईल? सारिका भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, अहो, मग दाखवा की आठवडाभर करून. जमलं तर तुमची गाडी. न्हाई जमलं तर माझी शेगडी.

डन म्हटलं. समृद्धी साक्षीदार. ती नऊ वर्षांची आहे. तिनं लगेच विचारलं, पप्पा हरले तर गाडी नाही ना येणार? पोरीला आत्तापासूनच गाडीची ओढ लागली आहे.

नियम मी केले, कारण नियम करायचा अनुभव मला आहे. घरातलं मीठ, हळद आणि गॅस वापरायचा, बाकी सगळं साडेतीनशेत. चहा हे अन्न नाही, पेय आहे, सबब मोजायचा नाही. कोणी प्रेमानं खायला दिलं तर तो पाहुणचार, तोही मोजायचा नाही. सारिकानं सगळं ऐकून घेतलं आणि एकाही कलमाला हरकत घेतली नाही. मी म्हणतो, वाचून सही करायची सवय माणसाला लागायला पाहिजे.

थोड्या वेळानं.

बाजार करून आलो. मुद्दाम बाजार उठता उठता गेलो, तेव्हा भाव पडतात. एक अख्खी गोणी कोबी दीडशेला मिळवली. शेतकरी आधी माझ्याकडं बघत राहिला, मग गोणीकडं. म्हणाला, सायेब, समदी? मी म्हटलं, समदी. त्यानं स्वतः उचलून माझ्या स्प्लेंडरवर बांधून दिली आणि वर एक गड्डा फुकट टाकला. माझ्या घासाघिशीपुढं त्यानं हात टेकले. शिवाय दोन किलो तांदूळ, तेलाची लहान पिशवी आणि मिरच्या. एवढं करून साठ रुपये खिशात.

सारिकानं विचारलं, एवढा कोबी? मी म्हटलं, बल्क परचेस. ती बराच वेळ ओढणी तोंडाला लावून उभी होती. भारावली असणार.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी सहा.

पहिला दिवस. उठलो तर सारिका आधीच ओट्यापाशी. मोठा बर्नर तिच्याकडे, लहान माझ्याकडे. तिची तीन पातेली शिजत होती. घरात माणसं तीन, त्यातला एक प्रयोगावर, मग एवढं कशाला? मला खिजवायला, दुसरं काय. मी त्या पातेल्यांकडे बघितलंसुद्धा नाही. एकात मटकी होती, एकात भात आणि तिसऱ्यात झाकण असल्यामुळे कळलं नाही.

मी कोबी परतला. जरा करपला. करपल्यानं स्मोकी फ्लेव्हर येतो. पुण्याच्या हॉटेलात त्याचे जास्त पैसे घेतात.

संध्याकाळी.

दुपारी कोबी-भात. रात्रीलाही तोच ठेवलाय. कंपनीचा चहा सहा वेळा घेतला. हे इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. लोक उगाच महागाई महागाई करतात. गाडीला सायलेन्सर तसलाच घ्यायचा, सत्यजीतपेक्षा जरा मोठ्या आवाजाचा.

मंगळवार, २ डिसेंबर. जेवणाच्या सुट्टीत.

कोबी-भात. काल कोबी खाली आणि भात वर होता. आज उलट केलं. व्हरायटी लागतेच.

आरिफ मोल्डिंग मशीनवर ऑपरेटर आहे. घर शिरूरला, पण पाळ्या असतात म्हणून आठवडाभर इथंच खोली करून राहतो. रोज माझ्या शेजारी जेवायला बसतो. आज एकदम खिडकीपाशी जाऊन बसला. म्हणाला, भाऊ, जरा हवा घेतो. कोबीचा पोटावर थोडा परिणाम आहे, हे मी मान्य करतो. पण तो बाहेर कळण्याइतका नाही.

त्याच्याकडं तीनमजली डबा होता. उघडला तर भरल्या वांग्याचा वास आख्ख्या शॉपफ्लोअरवर पसरला. विचारलं, कुठला रे? म्हणाला, एक ताई देत्यात, कालपासनं चालू केलाय. सहा जण हाय आम्ही. मी दर विचारला. अठराशे! मी त्याला म्हटलं, आरिफ, लुटलं रे तुला. आठवड्याला साडेतीनशेत माणूस राजासारखा जेवतो. त्याला एकदम ठसका लागला. बराच वेळ थांबेना. मी पाठ थोपटली. पश्चात्ताप झाला की असं होतं.

संध्याकाळी.

सारिकाला सांगितलं, तुझा धंदा सुरू व्हायच्या आधीच बसला. कोणीतरी बाईनं सहा गिऱ्हाइकं उचललीसुद्धा. तिनं विचारलं, वांगं कसं होतं म्हणाले? मी म्हटलं, वास बरा होता, पण तेल-मसाल्याला मापच नाही, गरिबाचे पैसे उधळतात. ती पातेलं घासत राहिली. फार जोरात घासत होती. खचली असणार बिचारी. मला वाईट वाटलं.

बुधवार, ३ डिसेंबर.

कोबीचं सूप. म्हणजे कोबी उकडलेलं पाणी. कोबी वेगळा खाल्ला.

समृद्धी सकाळी म्हणाली, पप्पा, तुमचं पोट बोलतंय. आणि आई म्हणते त्याला उलट उत्तर द्यायचं नाही. हल्ली शाळेत काय शिकवतात कोण जाणे.

दुपारी.

लाईनवर उभा होतो. पांढरी झाकणं येत होती. ती एकाएकी बत्ताशांसारखी दिसायला लागली. एक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिलो. सुपरवायझरनं विचारलं, काय डिफेक्ट आहे? मी म्हटलं, कडेला जरा शंका आहे. आख्खं खोकं रिजेक्ट झालं. क्वालिटीत शंकेला जागा नसते.

सुटल्यावर.

चौकात चक्कर आल्यासारखं झालं. योगायोगानं समोर वडापावची गाडी होती. दोन खाल्ले. पैसे पेट्रोलच्या खात्यातून दिले.

नोंद: हा औषधोपचार आहे, अन्नात धरलेला नाही. डेव्हिएशनचं कारण, चक्कर. करेक्टिव्ह ॲक्शन, तिसरा घेतला नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर. सकाळी.

आज दत्तजयंती! आणि मला हे आधी कसं सुचलं नाही?

पोपटराव मामा म्हणजे सारिकाचे सख्खे मामा. वरवंडच्या पुढं त्यांची वस्ती आहे आणि तिथल्या दत्तमंदिराच्या कमिटीत ते आहेत. जन्म, आरती आणि मग महाप्रसाद. बुंदी असते. मामांनी सगळ्यांना फोन केलाय. सारिका म्हणाली, मला जमायचं न्हाई, पहाटेचं काम असतं. घरात बसून पहाटेचं कसलं काम, हे मी विचारलं नाही. वाद नको. म्हटलं, मामांचा मान राखायला मी जातो.

नियमाप्रमाणे हा पाहुणचार. फुकट ते पौष्टिक. जावई म्हणजे पहिल्या पंगतीत पहिला. दुपारपासून काही खायचं नाही ठरवलंय, जागा करून ठेवायची. उरलेली बुंदी आणायला खिशात दोन कॅरीबॅग घेतल्यात. हाफ डे टाकलाय. हाफ डेचे कापले जातील ते अन्नात येत नाहीत. न्हावरा-चौफुला करत वस्तीवर जाताना पेट्रोल लागेल, तेही नाही.

आता मागं बघायचं नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर. सकाळी.

कालचं सविस्तर लिहायला हवं, कारण त्याचा उलटसुलट प्रचार व्हायची शक्यता आहे.

पोचलो तेव्हा मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मागं कढईतून वाफा निघत होत्या. मी थेट पंगतीकडे सरकलो, तर मामांनी माईकवरूनच बघितलं. म्हणाले, आमचे जावईबापू सणसवाडीवरनं आल्यात, त्यांनी म्होरं यावं. मग टॉवेल, टोपी, गुलाल आणि खुर्ची. शेजारच्या खुर्चीत सत्यजीत. आमच्या सुवर्णाचा, म्हणजे सारिकाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यानं विचारलं, काय साडूभाऊ, अजून स्प्लेंडरच का? मी म्हटलं, रविवारपर्यंत.

जन्म झाला, आरती झाली. मग लिलाव. देवापुढचा मानाचा नारळ दरवर्षी बोली लावून देतात आणि ज्याला तो मिळतो त्याचं नाव वर्षभर माईकवर घेतात. मला ह्यात काही रस नव्हता. माझं सगळं लक्ष कढईकडे होतं. बोली एकशे एकपासून सुरू झाली. दोनशे, तीनशे करत चारशेला बाकीचे गळाले. तेवढ्यात सत्यजीतनं हात वर केला. पाचशे एक. आणि माझ्याकडं बघून हसला.

तो हसला नसता तर काही झालं नसतं.

मी म्हटलं, साडेपाचशे. तो सहाशे एक. मामांना जोर चढला. माईकवर म्हणायला लागले, साडूसाडूत लागलीया, हौसेला मोल न्हाई मंडळी, बसून बघा. बायका उठून बघायला लागल्या. पोटात अन्न नव्हतं, त्यामुळे डोकं फार हलकं झालं होतं. मधले आकडे मला आठवत नाहीत. शेवटी तो अकराशे एकवर होता आणि मी अकराशे एक्कावन्न म्हटलं. सत्यजीतनं हात जोडले आणि आरामात मागं टेकून बसला. मामांनी एक वार, दोन वार, तीन वार केलं. टाळ्या पडल्या. मी जिंकलो.

जिंकणाऱ्यानं पैसे द्यायचे असतात हे टाळ्या संपल्यावर लक्षात आलं. कमिटीकडं क्यूआर कोड होता. देवाच्या दारातही आता सबब चालत नाही.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. मामा म्हणाले, मानाचा नारळ ज्याचा, पंगत त्यानं वाढायची, हितली रीतच हाय. हातात आमटीची बादली दिली. चार पंगती वाढल्या. पहिल्या पंगतीत सत्यजीत होता. त्यानं तीनदा आमटी मागून घेतली आणि बुंदीवर बुंदी. मी दर वेळी बादलीवर वाकून वास घेत होतो, तर एक आजी म्हणाली, किती भक्तिभावानं वाढतोय गं जावई.

मी पाचव्या पंगतीला बसलो. बुंदी संपली होती. पत्रावळीत भात, आमटी आणि भाजी पडली.

भाजी कोबी-बटाट्याची होती. त्यातला बटाटा आधीच्या पंगतींनी वेचला होता.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं.

काल रात्री मामांचा फोन माझ्या आधी घरी पोचलेला. सारिकानं नारळ हातात घेऊन चारी बाजूंनी बघितला. म्हणाली, अकराशे एक्कावन्न? मी म्हटलं, तो धर्म आहे, अन्न नव्हे. तिला हे पटलं. म्हणाली, बरोबर हाय, धर्मच. म्हणून मी धरत न्हाई. पण फोडून खाल्लात तर खाण्यात धरीन, अख्ख्या पैशानं. आणि नारळ देव्हाऱ्यात ठेवला.

म्हणजे ह्या घरात ह्या क्षणी अकराशे एक्कावन्न रुपयांचं अन्न आहे आणि मी कोबी खातोय.

संध्याकाळी.

घरात कोणी नसताना नारळ हलवून बघितला. पाणी भरपूर आहे. परत ठेवला. ठेवताना नमस्कार केला, नाहीतर कोणी बघितलं असतं तर काय वाटलं असतं?

दुपारचं लिहायचं राहिलं. आरिफच्या डब्यात आज गवार होती, शेंगदाण्याचं कूट लावलेली. त्यानं म्हटलं, भाऊ, घ्या की घासभर. मी म्हटलं, नको. मग म्हटलं, क्वालिटीच्या दृष्टीनं बघायला हरकत नाही. सँपल घेतलं. सँपल लहान असेल तर निष्कर्ष चुकतो, म्हणून अर्धी भाकरी घेतली. चव ओळखीची वाटली. बहुतेक सगळ्या बायकांचा मसाला एकाच गिरणीतून येत असावा.

शनिवार, ६ डिसेंबर. दुपारी.

आज आरिफनं डबा उघडला आणि माझ्याकडे बघून मधला कप्पा सरळ माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, खावा भाऊ, तुमच्याकडं बघवत न्हाई. डाळ-मेथी, लसणाची फोडणी घातलेली. भाकरी मऊ, पापुद्रा सुटलेली. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची असेल. मेथी संपली तरी पाणी थांबलं नाही, म्हणजे मिरची नसेल.

खरं लिहायचं तर गेल्या सहा दिवसांत कुणीतरी माझ्यासाठी रांधलेलं मी खाल्लं नव्हतं. कोबी मी रांधला, पण माझ्यासाठी रांधला असं मला कधी वाटलं नाही. ह्या न पाहिलेल्या बाईनं, जिला मी कोण हेही माहीत नाही, मेथी निवडून घेतली होती, देठं काढून. मी म्हटलं, आरिफ, ह्या ताईंच्या हाताला काय चव आहे रे. तो मान खाली घालून हसत होता. असूया.

मग मी एक व्यावहारिक निर्णय घेतला. प्रयोग उद्या संपतो. परवापासून मी कुठं जेवावं ह्याबद्दल नियमांत एक अक्षर नाही. आरिफला म्हटलं, सोमवारपासून माझाही एक डबा लाव. अठराशे म्हणजे फार नाही. हाताला चव असली की माणूस दराकडं बघत नाही. घरी सांगायचं नाही. सारिकाला कळलं तर तिला लागेल. आणि पहिल्या दिवसापासून माझंच म्हणणं होतं की अठराशे कोणी देणार नाही, ते तत्त्व म्हणून अजून कायम आहे.

आरिफ म्हणाला, ताईंनी निम्मं ॲडव्हान्स घ्यायला सांगितलंय, आन् नाव काय सांगू? मी नऊशे काढून दिले, गाडीच्या क्रॅशगार्डसाठी बाजूला ठेवलेले. नावाचा थोडा विचार केला. म्हटलं, गुप्ता सांग. डबा लावणाऱ्यांत एखादा गुप्ता असतोच, संशय येत नाही. आरिफनं दोनदा विचारलं, गुप्ता? नक्की? मी म्हटलं, नक्की. तो बाथरूमला गेला आणि बराच वेळ आला नाही.

रविवार, ७ डिसेंबर. सकाळी.

जिंकलो! उरलेले सहा गड्डे ओट्यावर ओळीनं मांडून ठेवलेत, पुरावा म्हणून. भिशीचं पाकीट खिशात आहे. सारिका आंघोळ करून आली की निकाल जाहीर करणार. चार शब्द बोलायचे ठरवलेत. तिचा उत्साह मारायचा नाही, पुढच्या भिशीत बघू म्हणायचं.

त्याच दिवशी, दुपारी.

रेकॉर्ड आहे, लिहायलाच पाहिजे.

मी बोलत होतो. साडेतीनशेत माणूस आरामात राहू शकतो, हे सिद्ध झालं, इथपर्यंत आलो होतो. तेवढ्यात दारात आरिफ. हातात मोठी पिशवी. मला वाटलं, अभिनंदनाला आला. त्यानं मला बघितलं आणि आपल्या चपलांकडं बघायला लागला. मग सारिकाला म्हणाला, वहिनी, हे कालचे सहा डबे. आन् हे गुप्ताचं नऊशे.

मी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

सारिकानं नऊशे रुपये कोब्यांच्या शेजारी ठेवले. फळीवरून एक कोरा डबा काढला. तिच्या प्रत्येक डब्यावर लाल नेलपॉलिशनं नाव घातलेलं होतं, ते मला आत्ता दिसलं. तिनं बाटली उघडली आणि झाकणावर सावकाश गुप्ता लिहिलं. फुंकर मारली. मग मला विचारलं, गुप्ताजी, तिखट किती लागतं तुम्हाला?

आरिफनं सांगून टाकलं, भाऊ, माझ्यावर रागावू नका, तुमी आंघोळीला गेलात की मी डबे न्यायचो, वहिनींनीच शपथ घातली हुती, त्यांची परीक्षा चालू हाय म्हनल्या, मधी बोलायचं न्हाई. समृद्धीनं सांगितलं की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साक्षीदार!

मी नियमांचा मुद्दा काढला. वडापाव औषध, गवार सँपल, मेथी पाहुणचार आणि गुप्ता सोमवारपासून. तांत्रिकदृष्ट्या साडेतीनशेच्या वर एक रुपया गेलेला नाही. सारिकानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, गाडी घ्या हो. माझी हरकत न्हाई. पण मला एकच वाटत होतं. सात दिस ओट्याशी शेजारी उभे होता. एकदा तरी विचाराल, की सारिका, पहाटे पाचला उठून तू काय करतीस?

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता. मला लाज वाटली. मटकी, भात आणि झाकण ठेवलेलं तिसरं पातेलं मी रोज बघत होतो. सहा माणसांचा स्वयंपाक माझ्या हाताला लागून होत होता आणि मी सँपल म्हणून दुसऱ्याच्या डब्यात हात घालत होतो. झाकणाच्या कडेला केसाएवढी चीर असली तर मला दिसते, म्हणून मला पगार मिळतो.

पाकीट काढून ओट्यावर ठेवलं, नऊशेच्या वर.

संध्याकाळी.

शिक्रापूरला जाऊन शेगडी आणली. तीन बर्नरची, लोखंडी. स्प्लेंडरवर मागं बांधून आणली, काळ्या गाडीवर ती बसलीच नसती. सारिकानं शेगडीला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, चला, नारळ काढा.

मी मानाचा नारळ देव्हाऱ्यातून काढला. मामांना फोन लावून स्पीकरवर ठेवला होता. ते तिकडून म्हणत होते, जावईबापू, दत्ताचा नारळ हाय, दणकून घाला. पहिल्या घावाला फुटला नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला फुटला. पाणी समृद्धीनं प्यायलं. खोबऱ्याचा पहिला तुकडा सारिकानं माझ्या हातावर ठेवला. मी विचारलं, हा धरणार? म्हणाली, खावा आता, परीक्षा संपली.

सत्यजीतचाही फोन आला, गाडीचा रंग कुठला विचारायला. मी म्हटलं, स्टील ग्रे. तीन बर्नरची आहे.

सोमवार, ८ डिसेंबर. जेवणाच्या सुट्टीत.

कंपनीत जातोच आहात तर डबे घेऊन जा, म्हणाली. स्प्लेंडरच्या हँडलला चार, मागं तीन. सगळ्यांना वेळेवर पोचवले. शेवटी गुप्ताचा डबा गुप्ताला दिला. मीच दिला, मीच घेतला. राहिलेले नऊशे रुपये पंधरा तारखेच्या आत द्यायचे आहेत, घरचा म्हणून सवलत नाही.

आरिफ आज परत माझ्या शेजारी बसला. दोघांनी एकदमच डबे उघडले.

भाजी कोबीची. ओट्यावरचे ते सहा गड्डे. आमच्याकडं कोबीवर ओलं खोबरं घालत नाहीत, शेंगदाण्याचं कूट घालतात. पण एवढा महागाचा नारळ वाया कसा घालवायचा, असं सारिका सकाळी म्हणत होती. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

चांगली झालीय. गुप्ताची तक्रार नाही.